मोनार्क फुलपाखराचे शरदातील स्थलांतर : निरीक्षण आणि बोध

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या हा विषय शिकवतो. तणांचे नियंत्रण हा त्यातील एक मोठा भाग आहे. कोणत्या पिकात कोणते तणनाशक, किती मात्रेत, पेरणीनंतर किती दिवसांनी वापरावे, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. असा माणूस आज फुलपाखरावर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु हे फुलपाखरू एका तणावर जगते, आणि ते तण शेतातून गेल्यावर काय झाले याची नोंद हजारो सामान्य माणसांनी वर्षानुवर्षे ठेवली आहे. म्हणून हा विषय शेतकऱ्यांच्या सभेत मांडण्याजोगा आहे असे मला वाटते.

फुलपाखराची ओळख

मोनार्क हे उत्तर अमेरिकेतील फुलपाखरू आहे. रंग नारिंगी, त्यावर काळ्या शिरा आणि काळ्या कडेवर पांढरे ठिपके. पंख पसरल्यावर रुंदी ९ ते १० सें.मी. भरते. वजन सुमारे अर्धा ग्रॅम, म्हणजे देशी हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढे. नराच्या मागच्या पंखावर शिरेलगत एक-एक काळा ठिपका असतो, मादीला तो नसतो.

मादी आपली अंडी फक्त मिल्कवीड या वनस्पतीवर घालते. मिल्कवीड म्हणजे दुधाळ तण. पान तोडले की पांढरा चीक येतो. फळ पिकून उकलले की रेशमासारख्या तंतूंची बी वाऱ्यावर उडते. हे वर्णन ऐकून आपल्याला रुईची आठवण होईल, आणि ती बरोबर आहे. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातील आहेत. आपली मुले जिला म्हातारी म्हणून हवेत फुंकतात, तशीच ती तिकडेही उडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शाळकरी मुलांकडून मिल्कवीडची बोंडे गोळा करून घेतली गेली आणि त्यातील तंतू बुडण्यापासून वाचविणाऱ्या जाकिटांत भरले गेले.

मिल्कवीडचा चीक विषारी असतो. अळी पाने खाते तेव्हा ते विष तिच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही राहते. ते खाणाऱ्या पक्ष्याला उलटी होते आणि पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. अळी दुसरे काही खात नाही. मका, सोयाबीन, कापूस यांपैकी कोणत्याही पिकाला तिचा उपद्रव नाही.

वर्षात चार-पाच पिढ्या

उन्हाळ्यात जन्मलेले मोनार्क दोन ते सहा आठवडे जगते. अंड्यापासून फुलपाखरू होण्यास सुमारे एक महिना लागतो. अशा तीन-चार पिढ्या एकामागून एक होत उत्तरेकडे सरकतात. ऑगस्टच्या अखेरीस मात्र जी पिढी कोषातून बाहेर पडते ती वेगळी असते. दिवस लहान होऊ लागलेले असतात, रात्री गार होतात, मिल्कवीड जून होऊन पिवळे पडू लागते. या खुणांमुळे या पिढीची प्रजननक्षमता थांबून राहते. ती अंडी घालत नाही. फुलांतील मध पिऊन अंगात चरबी साठवते आणि दक्षिणेकडे निघते. ही पिढी आठ-नऊ महिने जगते.

कॅनडाच्या दक्षिण भागातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून निघालेली ही फुलपाखरे मध्य मेक्सिकोतील डोंगरात जातात. हे अंतर ४,००० कि.मी.पर्यंत भरते. आपल्या देशाची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ कि.मी. आहे, यावरून कल्पना यावी. जे फुलपाखरू निघते त्याने ती जागा कधी पाहिलेली नसते. मार्चमध्ये परतताना तीच फुलपाखरे टेक्सासच्या आसपास कोवळ्या मिल्कवीडवर अंडी घालून मरतात आणि पुढचा प्रवास त्यांची संतती करते. पुढच्या शरदात मेक्सिकोला येतात ती त्यांची पणतवंडे.

मग वाट कळते कशी? दिवसा ती सूर्यावरून दिशा ठरवितात. परंतु सूर्य सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला असतो, म्हणून वेळेचे भान लागते. हे घड्याळ त्यांच्या मिशांमध्ये असते, असे २००९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखविले. मिशांना काळा रंग लावून उजेड बंद केला तेव्हा फुलपाखरांना दक्षिण दिशा साधता आली नाही. ढगाळ हवेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही त्यांना आधार मिळतो, असे २०१४ सालच्या प्रयोगांतून पुढे आले.

निरीक्षण कसे केले जाते?

या फुलपाखराविषयी आज जे ज्ञान आहे त्यातील बराचसा भाग प्रयोगशाळेबाहेर जमा झालेला आहे. शेतकरी, शिक्षक, शाळेची मुले, निवृत्त माणसे यांनी तो जमविला. त्यांची पद्धत साधी आहे.

१) वेळ : कॅनडात ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर, कॅन्सससारख्या मधल्या राज्यांत सप्टेंबरचा मध्य व उत्तरार्ध, टेक्सासमध्ये ऑक्टोबर आणि मेक्सिकोत नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आपल्या पंचांगाने भाद्रपद ते कार्तिक असा हा काळ येतो.

२) जागा : मोठे पाणी आडवे आले की फुलपाखरे किनाऱ्याच्या टोकाला गोळा होतात आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहतात. कॅनडातील पॉइंट पिली हे ईरी सरोवरात घुसलेले टोक आणि अमेरिकेतील न्यू जर्सीचे केप मे ही अशी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. याशिवाय फुलोऱ्यावर आलेले कोणतेही माळरान चालते. गोल्डनरॉड, ॲस्टर, रानसूर्यफूल या शरदात फुलणाऱ्या झाडांवर ती मध पितात.

३) हवा : तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मोनार्क उडू शकत नाही. म्हणून सकाळी ऊन तापल्यावर उड्डाण सुरू होते. उत्तरेकडून वारा असलेला स्वच्छ दिवस सर्वात चांगला. तापलेल्या हवेच्या भोवऱ्यात घारीप्रमाणे वर चढायचे आणि मग तरंगत पुढे जायचे, ही त्यांची रीत आहे. त्यामुळे शक्ती वाचते.

४) संध्याकाळ : सूर्य मावळण्यापूर्वी तास-दोन तास फुलपाखरे एखाद्या झाडावर मुक्कामाला जमू लागतात. पंख मिटलेले असल्याने लांबून वाळकी पानेच वाटतात. शांत उभे राहावे, फांदी हलवू नये.

५) नोंद : तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा, आकाश ढगाळ की निरभ्र, एका तासात मोजलेली फुलपाखरे, ती कोणत्या दिशेला जात होती, उडत होती की मध पीत होती की मुक्कामाला होती, एवढे लिहावे. एकही दिसले नाही तर शून्य लिहावे. शून्याची नोंद ही सुद्धा नोंदच आहे.

६) ओळख : व्हाइसरॉय नावाचे दुसरे फुलपाखरू मोनार्कसारखेच दिसते. त्याच्या मागच्या पंखावर शिरांना छेदणारी एक आडवी काळी रेघ असते. ती पाहून मगच आकडा लिहावा.

टिकलीने लावलेला शोध

टोरोंटो विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांनी १९३७ साली या फुलपाखरांचा अभ्यास सुरू केला. त्यांची पत्नी नोरा या कामात अखेरपर्यंत बरोबर होत्या. हिवाळ्यात मोनार्क जातात कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. पंखाला क्रमांकाची चिकटपट्टी लावून सोडायचे आणि ते पुढे कुणाला सापडते ते पाहायचे, असा मार्ग त्यांनी काढला. पहिल्या पट्ट्या टपाल तिकिटाप्रमाणे ओल्या करून चिकटवायच्या होत्या, त्या पावसात निघून जात. मग दुसरा चिकट प्रकार शोधला. १९५२ पासून त्यांनी या कामासाठी स्वयंसेवक मागविले, आणि हळूहळू त्यांची संख्या शेकड्यांत गेली. सापडलेल्या पट्ट्यांची ठिकाणे नकाशावर मांडल्यावर रेघ टेक्सासकडे आणि पुढे मेक्सिकोकडे वळते असे दिसू लागले.

१९७२ च्या अखेरीस नोरा यांनी मेक्सिकोतील वर्तमानपत्रांना पत्रे लिहून मदतीचे आवाहन केले. तेथे राहणारे केन ब्रगर यांनी त्याला उत्तर दिले. ते आणि मिचोआकान प्रांतातील कातालिना आग्वादो यांनी डोंगर पालथे घातले आणि २ जानेवारी १९७५ रोजी सेरो पेलोन या डोंगरावर लाखो मोनार्कांनी झाकलेली झाडे त्यांना दिसली. खालच्या गावांतील शेतकऱ्यांना ही फुलपाखरे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतीच. ती कुठून येतात हे मात्र कुणाला माहीत नव्हते.

१९७६ च्या जानेवारीत अर्कहार्ट स्वतः तेथे गेले. फुलपाखरांच्या भाराने पाइनची एक फांदी मोडून खाली पडली. त्या ढिगात एका फुलपाखराच्या पंखावर पांढरी पट्टी होती. ती अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका शिक्षकाने आणि दोन विद्यार्थ्यांनी आदल्या ऑगस्टमध्ये लावलेली होती. चाळीस वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने एका शाळेच्या कामातून पक्के झाले.

आज हे काम कॅन्सस विद्यापीठातील मोनार्क वॉच या उपक्रमामार्फत चालते. तो १९९२ साली सुरू झाला. कपाळावर लावतो तेवढी गोल टिकली मागच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूस, ठरलेल्या जागी लावतात. तिच्यावर अक्षरे व अंक असतात. पंख मिटलेले असताना दोन बोटांत धरायचे, टिकली हलकेच दाबायची आणि सोडून द्यायचे. मेक्सिकोतील गावकऱ्यांनी मेलेल्या फुलपाखरावरची टिकली शोधून आणली तर त्यांना मोबदला मिळतो.

मेक्सिकोतील डोंगर

हे डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहेत, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तेथे ओयामेल नावाच्या सूचिपर्णी वृक्षांचे जंगल आहे. हे जंगल फुलपाखरांना छप्पर आणि पांघरूण दोन्ही होते. गारवा असल्याने साठविलेली चरबी हळूहळू खर्च होते, आणि दाट झाडीमुळे हिमाचा कडाका आत पोहोचत नाही. जंगल विरळ झाले की ही सोय मोडते. जानेवारी २००२ मध्ये पाऊस आणि त्यामागोमाग कडक थंडी आली, तेव्हा दोन मोठ्या वसाहतींतील सुमारे तीन-चतुर्थांश फुलपाखरे मेली.

फुलपाखरे पोहोचतात तो काळ १ आणि २ नोव्हेंबरच्या आसपासचा. तेथील लोक त्या दिवसांत मृतांचे स्मरण करतात, आपल्याकडील पितृपक्षासारखे. पूर्वजांचे आत्मेच फुलपाखरांच्या रूपाने घरी येतात अशी तेथे श्रद्धा आहे.

१९८६ साली या भागाला संरक्षण मिळाले, २००० साली क्षेत्र वाढवून ५६,२५९ हेक्टर करण्यात आले आणि २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरविले. तरी जमीन बरीचशी गावांच्या सामाईक मालकीची आहे. लाकूड तोडायचे नाही तर पोट कसे भरायचे, हा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न खरा आहे. एल रोसारियो या वसाहतीचे व्यवस्थापक ओमेरो गोमेस गोन्सालेस हे लाकूडतोड करणाऱ्या घरातून आलेले. झाडे उभी राहिली तर पर्यटकांतून गावाला उत्पन्न मिळेल, हे त्यांनी गावकऱ्यांना पटवून दिले. जानेवारी २०२० मध्ये ते बेपत्ता झाले आणि काही दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. जंगल राखण्याचे काम किती जोखमीचे असते ते यावरून समजते.

मोजणी काय सांगते?

डोंगरावर एक-एक फुलपाखरू मोजणे अशक्य असते. म्हणून दर हिवाळ्यात त्यांनी व्यापलेल्या झाडांखालचे क्षेत्र मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८.१९ हेक्टर होते, म्हणजे सुमारे ४५ एकर. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले, म्हणजे अवघे ६६ गुंठे. २०२३-२४ मध्ये ०.९० हेक्टर आणि २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर अशी नोंद आहे. एखाद्या वर्षी हवा चांगली असली की आकडा वाढतो, परंतु जुनी पातळी परत आलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारी मोनार्कांची वेगळी वस्ती आहे. २०२० मध्ये तेथे मोजणीत २ हजारांहूनही कमी फुलपाखरे भरली.

ही घट एकाच कारणाने झालेली नाही. मेक्सिकोतील जंगलतोड, दुष्काळ, वादळे, वाढते तापमान, कीटकनाशके अशी कारणे आहेत. परंतु एक कारण थेट शेतीतून येते, आणि त्याकडे आपण लक्ष दिले पाहिजे.

तण गेले, फुलपाखरू गेले

अमेरिकेच्या मधल्या राज्यांत मका आणि सोयाबीन ही मुख्य पिके आहेत. पूर्वी ओळींमधून कोळपणी होत असे. मिल्कवीडची मुळे खोल आणि पसरणारी असल्याने कोळपणीने ते पूर्ण मरत नसे. थोडे तण राहत असे, पिकाचे फारसे बिघडत नसे आणि मोनार्कचे पोट भरत असे. १९९६ पासून ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन आले, पाठोपाठ मकाही आला. उभ्या पिकावर फवारणी करता येऊ लागली. हे तणनाशक पानांतून मुळांपर्यंत जाते, त्यामुळे मिल्कवीड मुळासकट गेले.

१९९९ ते २०१० या काळात या पट्ट्यातील मिल्कवीड सुमारे ५८ टक्क्यांनी आणि तेथील मोनार्कची पैदास सुमारे ८१ टक्क्यांनी घटली, असा प्लेझंट्स आणि ओबरहाउझर यांचा अंदाज २०१२ साली प्रसिद्ध झाला. तण घटले त्याहून फुलपाखरे जास्त का घटली? कारण पिकातील मिल्कवीडवर मादी बाहेरच्या मिल्कवीडपेक्षा दर झाडामागे जवळजवळ चौपट अंडी घालत होती. म्हणजे गेले ते नेमके सर्वात उपयोगाचे तण होते.

कोणीही फुलपाखरू मारायला फवारणी केली नव्हती. शेतकऱ्याने आपल्या मजुरीचा आणि वेळेचा हिशेब केला, तो त्याच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु या तणावर कोण जगते हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच नव्हता. आज तेथे रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बांधांवर मिल्कवीड मुद्दाम लावतात. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने २०१४ साली ते उपद्रवी तणांच्या यादीतून काढले.

लावतानाही जाण लागते. आपल्याकडे हळदीकुंकू नावाने ओळखले जाणारे लाल-पिवळ्या फुलांचे झाड हे उष्ण प्रदेशातील मिल्कवीडच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ते हौसेने लावले गेले. हिवाळ्यातही ते हिरवे राहत असल्याने काही फुलपाखरे तेथेच थांबून अंडी घालू लागली आणि त्यांच्यातील एका परजीवीचा प्रसार वाढला. म्हणून स्थानिक जातीच लावा असा सल्ला तेथे दिला जातो.

आपल्या बांधावर

मोनार्क आपल्याकडे येत नाही. परंतु त्याचा जवळचा नातेवाईक प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा, आपल्या प्रत्येक शिवारात आहे. तो रुईवर वाढतो. रुईच्या पानावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती त्याची. मोनार्कच्या अळीला अशा दोनच जोड्या असतात. याच गटातील ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरे दक्षिण भारतात पावसाळ्याच्या आगेमागे पश्चिम घाट आणि पूर्वेकडील प्रदेश यांच्या दरम्यान थव्यांनी स्थलांतर करतात. ताग आणि खुळखुळा यांच्या वाळत्या झाडांवर यांचे नर गोळा होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

मजूर मिळत नाहीत म्हणून आपल्याकडेही तणनाशकाचा वापर वाढला आहे. तो बंद करा असे मी सांगणार नाही. पीक आणि तण यांच्या स्पर्धेचा संवेदनक्षम काळ, म्हणजे साधारण पहिले ३० ते ४५ दिवस, पीक तणमुक्त ठेवलेच पाहिजे. परंतु बांधावरची रुई पिकाच्या ओळीशी स्पर्धा करत नाही. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवितो.

• तणनाशक पिकात, लेबलवर दिलेल्या मात्रेतच वापरावे. पंपात उरलेले द्रावण बांधावर मारून संपवू नये.

• बांधावर सरसकट सर्व राखा असेही नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी पोसणारी तणे काढावीत. रुईची दोन-चार झुडपे मात्र राहू द्यावीत. मारुतीच्या हारालाही पाने लागतातच.

• रुईचा चीक डोळ्यात गेल्यास इजा होते. हाताळल्यावर हात धुवावेत, मुलांना तसे सांगावे.

• शाळेच्या मुलांना एक वही द्यावी. आठवड्यातून एकदा त्याच रुईवर अंडी, अळ्या, कोष मोजून तारीख, पाऊस आणि बांधावर फवारणी झाली की नाही एवढे लिहावे. काहीच दिसले नाही तर शून्य लिहावे.

पाऊस कधी पडला, कीड कोणत्या आठवड्यात आली, हे शेतकऱ्याइतके कोणाच्या लक्षात राहत नाही. ते कागदावर उतरले तर पुढच्या पिढीला उपयोगी पडते. अमेरिकेत मोनार्क किती घटले हे कळू शकले, कारण घट होण्यापूर्वीचे आकडे कोणीतरी लिहून ठेवले होते. आपल्या रुईवर आज किती अळ्या आहेत, हे आपल्यापैकी कोणी लिहून ठेवले आहे का? या हंगामापासून ती वही सुरू करावी, अशी विनंती करून मी थांबतो.